सी६चं प्यादं आणि एफ३चा घोडा : पावसाळ्यातल्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

दोनशे पानी वही आणली. गेल्या वर्षभरात पांढरी मोहरी घेऊन हरलेले डाव त्यात उतरवायला बसलो, तर अकरा निघाले. त्यातले सात एकाच जातीचे. सुरुवात ठीकठाक, चौदाव्या-पंधराव्या चालीपर्यंत माझंच बरं, वजिराच्या बाजूला मी चाल करून गेलेलो, आणि तिसाव्या चालीच्या आसपास माझ्याच राजावर वरवंटा. सातही वेळा.

म्हणजे चाली पाठ आहेत. चाली संपल्यावर जो पट समोर उरतो तो मात्र वाचता येत नाही. फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करतात तिथे, बावीस वर्षं लाकूड तासतोय. ड्रॉइंग न वाचता रंधा हातात घेतला असता तर पहिल्याच आठवड्यात घरी पाठवलं असतं. पटावर मात्र मी हेच करत आलोय.

काम एवढंच ठरवलं: सुरुवातीच्या चालींचा एक प्रकार, त्यातून येणारी एक रचना, मुदत गणपतीपर्यंत. आमच्या भागातलं मंडळ दरवर्षी मांडवात बुद्धिबळाची स्पर्धा घेतं. यंदा ती ३१ ऑगस्टला आहे.

बेळगावच्या गणपत गल्लीत चौसष्ट घरांचा रबरी शिक्का करून घेतला. शिक्का मारायचा, वर पेन्सिलीने मोहरी काढायची. मोबाईलवर पट लावला की बोट आपोआप पुढची चाल दाबतं. कागदावर तसं होत नाही.

३ जून, मंगळवार

प्रकार: क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, एक्स्चेंज. (घरांची नावं: उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८. मोहऱ्याचं नाव नसेल तिथे चाल प्याद्याची.) पांढरा डी४, काळा डी५. सी४, ई६. घोडा सी३, घोडा एफ६. चौथ्या चालीला पांढरा सी४च्या प्याद्याने डी५वर मारतो, काळा ई६च्या प्याद्याने परत मारतो. पुढे उंट जी५, उंट ई७. ई३, सी६. वजीर सी२, घोडा बी८वरून डी७. उंट डी३, काळ्याचा किल्लेकोट. घोडा एफ३, हत्ती ई८. मग पांढऱ्याचा किल्लेकोट. दहा चाली.

या दहांत खरी एकच: चौथी. ती होईपर्यंत काळ्याचा सी८चा उंट ई६च्या प्याद्यामागे कोंडलेला असतो. मारामारी झाली की त्याची वाट आपण होऊन मोकळी करून देतो. इतकी वर्षं ही चाल खेळतोय, पण तिची किंमत कधी मोजली नव्हती. आज मोजली. काळ्याला मिळतो मोकळा उंट आणि अर्धी उघडी ई पट्टी (म्हणजे जिच्यात त्याचं प्यादं नाही, माझं आहे). मला मिळते अर्धी उघडी सी पट्टी आणि प्याद्यांची एक ठरून गेलेली मांडणी: वजिराच्या बाजूला माझी ए आणि बी अशी दोन प्यादी, त्याची ए, बी, सी अशी तीन.

या मांडणीला कार्ल्सबाद रचना म्हणतात. कार्ल्सबाद म्हणजे आजचं झेक देशातलं कार्लोव्ही व्हारी, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. १९०७, १९११, १९२३ आणि १९२९ अशा चार मोठ्या स्पर्धा तिथे झाल्या. क्वीन्स गॅम्बिटचा तो काळच होता. १९२७ साली ब्यूनॉस आयर्सला अलेखिन आणि कापाब्लांका जगज्जेतेपदासाठी ३४ डाव खेळले, त्यांपैकी ३२ क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड. मांडवातल्या स्पर्धेसाठी एकच प्रकार घोकायला निघालोय म्हणून घरचे हसतात, त्यांना हा आकडा ऐकवला. फरक पडला नाही.

८ जून, रविवार

फाउंड्रीतल्या मोल्डिंगचा दोस्त आला. गोकाककडचा, घरी कन्नड. पटावर बसला की हत्तीला आने, उंटाला ओंटे आणि घोड्याला कुदुरे म्हणतो. मी मराठीत, तो कन्नडमध्ये, शिव्या दोघांच्या सामाईक.

त्याने पाचव्या चालीलाच घोडा डी७वर नेला. मला डी५चं प्यादं फुकट दिसलं, कारण एफ६चा घोडा माझ्या जी५च्या उंटाने बांधलेला. तो हलला तर मागचा वजीर जातो. मी सी३च्या घोड्याने डी५ मारलं. त्याने 'कुदुरे' म्हणत शांतपणे त्याच बांधलेल्या घोड्याने माझा घोडा मारला. मी डी८चा वजीर उचलला. त्याने उंट बी४, शह. राजाला घर नाही. मध्ये घालायला वजिराशिवाय काही नाही. वजीर डी२ला घातला, त्याने मारला, मी त्याचा उंट मारला, त्याने माझा डी८वरचा उंट मारला. हिशेब: एका प्याद्याच्या बदल्यात माझा घोडा गेला.

या सापळ्याचं इंग्रजी नाव एलिफंट ट्रॅप. म्हणजे हत्तीचा सापळा. पण आपला हत्ती कोपऱ्यात बसलेला, एक घरही हलत नाही. दोस्ताला सांगितलं तर म्हणाला, "आनेचा काय संबंध? तूच आने!"

वहीत: काळा घोडा पाचव्या चालीला डी७वर आला तर डी५ला हात लावायचा नाही. मुकाट ई३.

१५ जून, रविवार

पाऊस लागला. दिवसभर घरात. आजचा विषय मायनॉरिटी अटॅक, या रचनेतला पांढऱ्याचा मुख्य बेत. (बेळगावात 'मायनॉरिटी' शब्द उच्चारला की चहाच्या टपरीवरचं बोलणं भलतीकडेच वळतं, म्हणून मी मनातल्या मनात 'दोघांचा हल्ला' म्हणतो.)

दोन प्यादी तिघांवर चालून जातात. हत्ती ए१वरून बी१ला, मग बी४, मग बी५. ऐकायला उलटं वाटतं. जिथे आपण कमी तिथेच कशाला जायचं? पण बी५वर प्यादं पोचलं की काळ्यापुढे तीन दारं असतात. आज त्या तिन्हींवर शिक्के मारले.

पहिलं दार: सी६च्या प्याद्याने बी५ मारायचं. मी मोहऱ्याने परत मारतो. आता डी५च्या प्याद्याला आधार द्यायला शेजारी प्यादं उरलं नाही, ते एकटं. बी७चंही कमजोर.

दुसरं: काहीच करायचं नाही. मी सी६वर मारतो, तो बी७च्या प्याद्याने परत मारतो. सी६चं प्यादं मागे राहिलं. पुढे सरकलं तर मार खातं, जागेवर राहिलं तर सी पट्टीतून माझा वजीर आणि हत्ती त्याच्यावर डोळा ठेवून.

तिसरं: सी६वरून सी५ला पुढे सरकायचं. मी डी४च्या प्याद्याने मारतो. पुन्हा डी५ एकटं. पण या दारात काळ्याची मोहरी मोकळी होतात, जीव येतो त्यांच्यात. तिघांतलं त्यातल्या त्यात बरं हेच असावं.

तिन्ही दारांना उंबरा आहे, ठेच कुठेतरी लागतेच. म्हणजे दोघं जिंकायला जात नाहीत. स्वतःला देऊन टाकायला जातात, आणि जाताना तिघांची ओळ मोडून जातात. मी आजवर समजत होतो की बेत सी६चं प्यादं खाण्याचा आहे. खाणं पुढचं. आधी काळ्याची दोन-तीन मोठी मोहरी त्या एका प्याद्याची राखण करायला मागे बसवायची. हे कळायला मला सात डाव हरावे लागले, आणि अजून ते सात का हरलो हे कळलेलंच नाही.

१८ जून, बुधवार

सेकंड शिफ्ट, वर लाईट गेलेली. काम नाही.

२२ जून, रविवार

कळलं. निदान एक कारण तरी.

सातांतला सगळ्यात लाजिरवाणा डाव घेतला आणि बाराव्या चालीपासून प्रत्येक चालीला एक शिक्का मारला. एकवीस शिक्के. शेवटी बोटं निळी.

मी जी५चा उंट एफ६च्या घोड्याशी बदलला होता, त्याने डी७च्या घोड्याने परत मारलं होतं. बी५ झालं, सी६वर मारामारी झाली, पट्टी माझ्या ताब्यात. सगळं पुस्तकासारखं. मग मला घाई सुटली. सी६वर आणखी एक मोहरा हवा म्हणून एफ३चा घोडा उचलला: डी२, बी३, ए५. तीन चाली. ए५वरून तो सी६कडे बघत बसला आणि मी खूश.

त्याच वेळात काळ्याने काय केलं? घोडा ई४, उंट डी६, हत्ती ई८वरून ई६. हे मी पाहतही होतो, पण 'येऊ दे, सी६ तर पडतंय' असं म्हणत. मग वजीर एच४, हत्ती एच६. एफ३चा घोडा जागेवर असता तर एच४वर वजीर येऊच शकला नसता, घोड्याने खाल्ला असता. एच२ची राखणही तोच करत होता. मी राखणदाराला उचलून शेजारच्या गावी कोंबडी पकडायला पाठवला आणि दार उघडं टाकलं. वजीर एच२वर शह देत आत शिरला, राजा मध्यात पळाला, आणि मी शरण.

बाकीचे सहा डावही तपासले. चारांत हाच घोडा, याच वाटेने. उरलेल्या दोघांत मी नुसताच वाईट खेळलो आहे, त्यावर शिक्के वाया घालवायचे नाहीत.

वहीत, लाल पेनाने: सी६मागे जायचं तर सी३च्या घोड्याने. ए४, तिथून सी५. एफ३चा घोडा घरी.

(मोठे खेळाडू एफ३चा घोडाही फिरवतात. त्यांना कधी परतायचं ते कळतं. हा नियम माझ्यापुरता.)

२९ जून, रविवार

खानापूरचे गुरुजी आले होते. मराठी शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. भिजत आले, छत्री बसमध्ये विसरलेली. लहानपणी मी त्यांच्याकडेच देशी बुद्धिबळ शिकलो, ज्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. "तुमची ही दोन घरांची उडी आली आणि माणसं उतावळी झाली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य आजही झालंच.

माझे शिक्के त्यांनी चष्मा वर करून पाहिले. २२ तारखेचा डाव पाहून काही बोलले नाहीत. नुसतं विचारलं, "काळ्याच्या पटावर तेव्हा किती मोहरी होती?" मोजली. वजीर, दोन हत्ती, दोन उंट, एक घोडा. "मग हल्ला होणारच की. एवढी माणसं रिकामी बसवून तू प्यादी मोजायलास."

त्यांचं म्हणणं असं. सी६चं कमजोर प्यादं जागचं कुठे पळून जात नाही. काळ्याचा राजावरचा हल्ला मात्र मोहऱ्यांवर जगतो. म्हणून अदलाबदल होईल तितकी पांढऱ्याला बरी, विशेषतः घोड्यांची, कारण ई४वर येऊन बसायचं काम घोडाच करतो. मोहरी कमी होत गेली की राजाचं भय उतरत जातं आणि सी६चं ओझं चढत जातं.

मग मी लॅपटॉपवर स्टॉकफिश, म्हणजे बुद्धिबळाचा प्रोग्राम, लावून दाखवलं. दहा चालींनंतर ते पांढऱ्याला किंचित बरं म्हणतं, बस. गुरुजी पडद्याकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, "किती ते सांगतंय. कशामुळे ते सांगत नाही काय?" मी नाही म्हणालो. "मग बंद कर. बिल येतंय."

त्यांना भाकरी आणि झुणका फार आवडला. कुंदा मात्र साखर आहे म्हणून नको म्हणाले आणि जाताना दोन वड्या खिशात घातल्या.

६ जुलै, रविवार

आषाढी. पुतणी उपासाची बटाट्याची कापं खात काळ्या बाजूने खेळायला बसली. आठवीत आहे, माझ्यापेक्षा भराभर खेळते. तिला सांगितलं, माझा बेत तुला ठाऊक आहे, तो मोड.

पहिल्या डावात तिने हत्तीची चाल व्हायच्या आत ए५ केलं. मला बी४साठी आधी ए३ करावं लागलं. बी४ झाल्यावर मारामारी झाली आणि ए पट्टी उघडली. त्या पट्टीवर तिचा ए८चा हत्ती न हलता जिवंत झाला. म्हणजे तिने माझी वाट अडवली नाही, टोल घेतला. जिंकलो मी, पण सी६मुळे नाही, ती कापं आणायला उठली आणि परत आल्यावर हत्ती विसरली म्हणून.

दुसऱ्या डावात ती मागे घोडे घेऊन बसली, काही केलं नाही. बरोबरी.

१३ जुलै, रविवार

आज चालींच्या क्रमाचं काम. रूक्ष आहे, पण राहून गेलेलं होतं.

काळ्याला आपला पांढऱ्या घरांतला उंट एफ५वर आणून माझ्या डी३च्या उंटाशी बदलायचा असतो. त्याची सी६, डी५ ही प्यादी पांढऱ्या घरांतच, म्हणून तो उंट तसा अडगळच; माझा मात्र चांगला. वजीर सी२वर गेला की एफ५च्या घरावर माझा डोळा राहतो. काळा पाचव्या चालीला सी६ खेळला आणि मी सवयीने ई३ केलं, तर तो लगेच उंट एफ५वर आणतो. मग वजीर एफ३, उंट जी६, मी एफ६चा घोडा मारतो, तो वजिराने मारतो, वजीर वजिराला खातो आणि त्याची एफ पट्टीवर दोन प्यादी एकापुढे एक होतात. रचना त्याची मोडली, पण वजीर पटावरून गेले, दोन्ही उंट त्याच्याकडे, आणि मी शिकत असलेला डाव हा नव्हेच. तेव्हा पाचव्या चालीला सी६ दिसलं की आधी वजीर सी२, ई३ मागून.

२० जुलै, रविवार

दोन आठवडे एक गोष्ट सलत होती. मी नेहमी एकाच बाजूने बघतोय. काळा कधी घाबरतो, कधी नाही, हे मला ठाऊकच नाही.

काल दोस्ताने ई४ने सुरुवात केली. मी काळ्याने कारो-कान: सी६. डी४, डी५. त्याने डी५वर मारलं, मी सी६च्या प्याद्याने परत मारलं, त्याने उंट डी३. मग सी३. पाचेक चालींनंतर पटाकडे बघताना अंगावर काटा आला. ही तीच रचना, उलटी! अर्धी उघडी सी पट्टी आता माझी, काळ्याची. अर्धी उघडी ई पट्टी त्याची. मी जे सी६वर करत होतो ते आता सी३वर करायचं: बी५, बी४. आणि काळा जे ई४वर करायचा ते पांढरा ई५वर करणार.

पॅटर्नवाल्याला हे नवीन नाही. वाळूत उठतो तो उलटा ठसा. लाकडात उंचवटा तिथे साच्यात खड्डा. ड्रॉइंग तेच, मनातल्या मनात उलटं करून वाचायचं. पण नुसतं उलटं करून भागत नाही. बीड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न मीटरला दहा मिलिमीटर मोठा ठेवावा लागतो. इथेही ती श्रिंकेजची सूट आहे: पांढऱ्याची एक चाल जास्त. राजावर हल्ला करणाऱ्या बाजूला आता ती मिळते. त्यामुळे जो हल्ला काळ्याकडून जेमतेम येतो तो पांढऱ्याकडून वेळेत पोचतो.

रात्री एक जुना डाव लावला. बेलग्रेड, १९७०, सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग. फिशर पांढरा, पेट्रोशियन काळा, हाच कारो-कान एक्स्चेंज, चौथ्या चालीला उंट डी३. पेट्रोशियनने उंट डी७वर आणला. त्याला तो बी५वर नेऊन डी३च्या उंटाशी बदलायचा होता. अकराव्या चालीला फिशर ए४ खेळला. बस. बी५चं घर बंद. पंधराव्या चालीला त्याचा घोडा ई५वर. तो डाव फिशर जिंकला.

त्या ए४वर मी अर्धा तास थांबलो. १३ जुलैला मी लिहिलेलंच ते वाक्य: काळ्याला एफ५वर उंट बदलायचा असतो, मी वजिराने घर बंद करतो. फिशरने तेच दुसऱ्या घरावर, प्याद्याने केलं. दोन्हीकडे भांडण एका उंटाचं. आणि २२ जूनच्या डावात माझ्यावर आलेला ई४चा घोडा म्हणजेच हा ई५चा घोडा. समोरून पाहिला तेव्हा कुठे त्याची ताकद कळली. तो नुसता हल्ला करत नाही, मागच्या मोहऱ्यांना उभं राहायला आडोसा देतो.

दोस्ताशी डाव मी हरलो. ई५वर घोडा आला आणि मी बी४च्या मागे. म्हणजे आता दोन्ही रंगांनी एकच चूक करून झाली.

२८ जुलै, सोमवार

दिव्या देशमुख बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली. अंतिम लढत कोनेरू हम्पीशी, जलद टायब्रेकवर. भारताची ८८वी ग्रँडमास्टर, वय १९. नागपूरची. कँटीनमध्ये पोरांना सांगितलं तर एकाने विचारलं, "तू काय झालास मग?" मी म्हणालो, पॅटर्नमेकर. दुसरं काय सांगणार?

पुतणीने आज आपण होऊन पट काढला.

३ ऑगस्ट, रविवार

या रचनेत पांढऱ्याला दुसराही बेत आहे. घोडा एफ३वर न आणता ई२वर ठेवायचा, एफ३ प्यादं, मग ई४. मधली फळीच पुढे ढकलायची. याचा नावाजलेला डाव १९५२चा, मॉस्कोतला, सोव्हिएत अजिंक्यपद, बॉटविनिक विरुद्ध केरेस. तो लावायला घेतला आणि पंधराव्या चालीच्या सुमारास बंद केला. वेगळं काम आहे हे. घोड्याचं घर वेगळं, बेत वेगळा. मुदत चार आठवडे. वहीच्या मागच्या पानावर 'नंतर' म्हणून टिपलं.

याच प्रकारातला ताजा डाव म्हणून जगज्जेतेपदाच्या गुकेश-डिंग लढतीतला तिसरा डाव मात्र पाहिला, सिंगापूर, नोव्हेंबर २०२४. गुकेशने चौथ्या चालीला डी५ मारलं. डिंगचा उंट एफ५वरून पुढे सी२वर गेला आणि तिथेच अडकला; शेवटी डिंगचं घड्याळ संपलं. त्या उंटाचं भांडण इथेही. आता ते मला सगळीकडेच दिसायला लागलंय, त्यामुळे माझ्यावर फार विश्वास ठेवू नये.

१७ ऑगस्ट, रविवार

पंधरा दिवसांत पुतणी आणि दोस्त मिळून चौदा सरावाचे डाव. सगळे ठरलेल्या दहा चालींपासून, मी पांढरा. सहा जिंकलो, पाच बरोबरी, तीन हरलो. हरलेल्या तिन्हींत एफ३चा घोडा घरीच होता, तेव्हा हार नव्या जातीची आहे. हीही प्रगतीच म्हणायची.

पुतणीला एक नवं सापडलंय. मी बी४ केलं की ती बी५ करते. सी६चं प्यादं स्वतःच मागे पाडून घेते! पहिल्यांदा मला वाटलं चुकली. पण मग तिचा घोडा डी७, बी६ करत सी४वर येतो आणि तिथे पाचर मारल्यासारखा बसतो. सी पट्टी बंद. मागे सी६ कमजोर आहे, मला ठाऊक, तिला ठाऊक, पण मध्ये घोडा. तीन डावांत दोन बरोबऱ्या, एक हार. यावर उतारा सापडला नाही. ए४ करून पाहिलं, पण तिने आधीच ए६ करून ठेवलेलं असतं.

३१ ऑगस्ट, रविवार

स्पर्धा. मांडवात पंखे, उदबत्तीचा धूर, बाजूच्या गल्लीतून ढोल. पाच फेऱ्या, प्रत्येकी पंधरा मिनिटं. साडेतीन गुण, म्हणजे आजवरचा माझा सगळ्यात बरा आकडा. चार डावांविषयी सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या फेरीविषयी आहे.

समोर खानापूर तालुक्यातली एक पोर, अकरा वर्षांची, वडील मागे रेनकोट घालून उभे. मी पांढरा. दहाच्या दहा चाली वहीतल्या. तिने घोडा एफ८ला नेलाच नाही, डी७वरच ठेवला आणि ए६ केलं. ते ए६ दिसलं तेव्हाच पुढचं कळायला हवं होतं. हत्ती बी१, बी४, आणि तिने बी५. घोडा बी६, घोडा सी४. पुतणीचाच डाव! घरातून फुटला की काय असं क्षणभर वाटलं.

मी एफ३चा घोडा हलवला नाही. राजा शेवटपर्यंत शांत राहिला, एकदाही घाम फुटला नाही. पण मला काही करताही येईना. हत्ती सी१, परत बी१, परत सी१. दोन्ही घड्याळांवर तीन-तीन मिनिटं उरली तेव्हा तिने बरोबरी देऊ केली. मी घेतली.

मोहरी डब्यात भरताना तिने विचारलं, "काका, तुम्ही ई४ का नाही केलंत?"

मी म्हटलं, कधी?

तिने पुन्हा सगळी मोहरी लावली, न अडखळता. तिचा घोडा सी४वर. मग माझ्या बाजूने खेळून दाखवलं: जी५च्या उंटाने एफ६चा घोडा मारला, तिच्या ई७च्या उंटाने परत मारलं. "आता ई४वर बघायला माझा घोडाच नाही, एक इथे मेला, एक तिकडे सी४वर." ई३चं प्यादं ई४. डी५ने मारलं, डी३च्या उंटाने परत मारलं. तो उंट आता ई४वर, मागे सी२वर वजीर. एकीकडे रेघ एच७वर जाते. दुसरीकडे, डी५ रिकामं झालेलं, सरळ सी६वर.

तीन महिने ज्या प्याद्याकडे मी सी पट्टीतून डोकावत होतो त्याच्याकडे तिरपी वाटही होती. एफ३ प्यादं नको, ई२चा घोडा नको. बॉटविनिकचं 'वेगळं काम' माझ्याच कामाच्या आत पडून होतं.

"मला त्याचीच भीती वाटायली होती," ती म्हणाली. वडिलांनी हाक मारली, पुढची फेरी लागली होती.

१ सप्टेंबर, सोमवार

फर्स्ट शिफ्ट. घरी येऊन वहीचं मागचं पान उघडलं, 'नंतर' खोडलं. शिक्क्याला शाई भरली. बॉटविनिक–केरेस, पहिल्या चालीपासून. आज सोळाव्या चालीपर्यंत.